पाहुण्यांसाठी ठेवलेले पाणी

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो, ते पाणी पिण्यास सुरक्षित असते का? या लेखापुरता प्रश्न एवढाच आहे. उत्तर अगदी छोटे आहे आणि ते आत्ताच देऊन टाकतो : असतेच असे नाही. हे उत्तर पुस्तकात पहिल्या पानावर होते, तरी ते माझ्या अंगी मुरायला नोकरीची बरीच वर्षे जावी लागली. उरलेला लेख त्याबद्दल आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचून फराळाकडे वळावे, माझी हरकत नाही.

मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रसायनी होतो. त्याआधी तीन वर्षे वारणानगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. शाळा सुटली, फळा सुटला नाही, असे माझी पत्नी सुनंदा म्हणते. बोलता बोलता दर चार वाक्यांनी 'समजले का?' असे विचारण्याची मला सवय आहे. त्यामुळे आमच्या घरी पाहुणे येतात, पण फार वेळ थांबत नाहीत.

आधी पाण्याचा जडपणा म्हणजे काय ते सांगतो. पाऊस जमिनीत मुरतो, खडकातून झिरपतो आणि जाता जाता कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उचलतो. लांबच्या मुक्कामाहून परतणाऱ्या माणसाच्या पिशव्या वाढलेल्या असतात, तसेच हे. जमिनीत मुक्काम जितका जास्त, तितके सामान जास्त. असे पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन पाणी, आपल्या बोलण्यातले जड पाणी. आमच्या अहवालात त्या रकान्याला 'काठिण्य' म्हणत.

माझी पहिली नेमणूक चंदगडला झाली. तिथे पाऊस इतका, की पाण्याला जमिनीत बसून काही उचलायला सवडच मिळत नाही. अंगाला एकदा साबण लावला, की तो बुळबुळीतपणा निघता निघत नसे. एसटी निघून जायची, मी मोरीतच. पुढे मराठवाड्यातल्या एका शहरात बदली झाली. तिथे सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. पहिल्याच सकाळी डोक्याला साबण चोळला, तर फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे काहीतरी हातात आले. तूरडाळ चुलीवर चढवावी आणि सावकाश बाजार करून यावे. परत आल्यावर दाणा नि दाणा मोजता यायचा.

आता लक्ष द्या. त्या जड पाण्याने माझे काहीही बिघडले नाही. बादलीवर पांढरा थर, शर्टाची कॉलर पुठ्ठ्यासारखी, पण पोट ठणठणीत. चंदगडच्या त्या लोण्यासारख्या पाण्याने मात्र एका पावसाळ्यात मला दहा दिवस अंथरुणावर पाडले, कारण झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरे बसत असत. जडपणा म्हणजे पाण्याने काय उचलून आणले. धोका म्हणजे पाण्यात कोणी काय सोडले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. समजले का?

यातले जडपणाचे मोजमाप दिसायला फार देखणे असते. काचेच्या चंबूत पाणी घ्यायचे, त्यात चिमूटभर भुकटी टाकायची. पाणी कोकम सरबतासारखे लाल होते. मग वरच्या उभ्या नळीतून एक द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. एका थेंबाशी लाल रंग जातो आणि स्वच्छ निळा येतो. जितके थेंब जास्त लागले, तितके पाणी जड. सुरक्षिततेची चाचणी त्यामानाने कुरूप. औषध घातलेल्या बाटलीत पाणी भरून उबेत ठेवायचे आणि एक-दोन दिवसांनी पाहायचे. काळी पडली तर पाणी नापास. माणसांना निळा रंग आवडे, काळ्या बाटलीवर त्यांचा विश्वास बसत नसे.

कोल्हापुरात बदली झाल्यावर एकदा एक गृहस्थ तीन बाटल्या घेऊन आले. चिठ्ठ्या लावलेल्या होत्या : 'स्थळ क्र. १', 'स्थळ क्र. २', 'स्थळ क्र. ३'. मी नियमाप्रमाणे विचारले, "स्थळ म्हणजे विहीर, बोअर की नळ?"

"मुलीचं स्थळ हो," ते म्हणाले. "तीन मुलगे बघितलेत. तीन शहरांत आहेत. पत्रिका जुळतायत, पगार बरे आहेत. पण मुलीचे केस गुडघ्यापर्यंत आहेत, साहेब. जड पाण्यानं गळतात म्हणे."

आमचे मदतनीस सर्जेराव बाटल्या धूत होते. नळ बंद करून त्यांनी मान वर केली. "पावणं, पोरगा न्हाय आवडला तर पाणी परत द्यायला लागंल काय?"

मी शहरांची नावे सांगत नाही. सोयरिकीचा मामला आहे. पहिल्या बाटलीतले पाणी इतके जड निघाले, की नळीतले द्रावण पुन्हा भरावे लागले. पण जंतूंच्या चाचणीत अगदी स्वच्छ. तिसरे पाणी मऊ, डाळीला आणि केसांना उत्तम. बाटली मात्र डांबरासारखी काळी. दुसऱ्या स्थळाचा निकाल देता आला नाही, कारण परतीच्या प्रवासात तहान लागून त्यांनी त्यातले बरेचसे पाणी पिऊन टाकले होते. अहवाल न्यायला मुलगी स्वतः आली. मी तिला दोन्ही रकाने फळ्यावर समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मग एक नंबर. केस कापता येतात, सर." माझ्या साऱ्या नोकरीत मला मिळालेली ती सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

असे नमुने येत. कुणी दारूच्या बाटलीतून पाणी आणत असे आणि शपथेवर सांगे, "तीनदा विसळलिया सायब, वास सुदिक न्हाय." एक निवृत्त शिक्षक तर नमुना घरून उकळून, गाळून आणत. प्रयोगशाळेला गढूळ पाणी देणे त्यांना अशिष्ट वाटे. या सर्व आपत्तींवर आमच्या खात्याचा एकच उपाय होता : नमुना घेणाऱ्याने स्वतः नळापाशी जावे, नळाचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यावे, थोडे पाणी वाहू द्यावे आणि स्वतःच्या हाताने बाटली भरावी. हा नियम मी नव्या मुलांना शिकवीत असे. परीक्षाही घेत असे.

नळ जाळण्याचा नियम पितळी नळांच्या काळातला. शिवाजी पेठेत एका घरी मी बोळा पेटवून नळाच्या तोंडाशी धरला आणि सर्जेरावांना ज्योत निळी का दिसते ते समजावू लागलो. ते म्हणाले, "साहेब, नळ." मी म्हणालो, "मध्ये बोलू नका." ते पुन्हा म्हणाले, "साहेब, नळ वाकाय लागला." नळ प्लास्टिकचा होता. त्याने मान खाली घातली आणि पाणी भिंतीवर, छतावर आणि देव्हाऱ्यावर गेले. त्या दिवसापासून पेठेत माझे नाव 'नळ जाळणारं सायब' पडले. कांबळे हे आडनाव मग फक्त पगारपत्रकावर उरले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

त्याच पेठेत एक बोळ आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून चहाला बोलावतात. एका उन्हाळ्यात त्या बोळात कावीळ सुरू झाली. पहिल्यांदा तिथल्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक पिवळा पडला. संघाचा गणवेशच पिवळा असल्यामुळे दोन सामने कुणाच्या लक्षात आले नाही. मग आणखी माणसे पडली आणि आमच्याकडे निरोप आला : बोळातले पाणी तपासा.

सर्जेराव त्या दिवशी रजेवर होते. बाटल्यांची पेटी घेऊन मी एकटाच गेलो. पहिले घर आक्काताईंचे. साठीच्या, उंच आवाजाच्या, बोळाच्या अघोषित सरपंच. मला पाहताच त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"अगं बाई, नळ जाळणारं सायब! या, या. पर नळाला हात लावायचा न्हाय. द्या ती बाटली हिकडं. तुमी बसा खुर्चीवर. च्या घेणार न्हवं?"

"आक्काताई, नियम असा आहे की—"

"नियम हापिसात. हितं पावणं हाय तुमी."

बाटली आत गेली. चहा आणि भडंग बाहेर आले. थोड्या वेळाने बाटली काठोकाठ भरून, पदराने पुसून माझ्या हातात आली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. सात घरे, सात चहा, सात पुसलेल्या बाटल्या. भरायला दर वेळी जरा जास्त वेळ लागतो आहे हे मला जाणवले होते, पण चौथ्या चहानंतर माणसाची निरीक्षणशक्ती मंदावते.

आठवा नमुना बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सरबताच्या गाडीचा. मालक दत्तूमामा. बारीक अंगाचे, पांढऱ्या टोपीचे, बोळातल्या तीन पिढ्यांना लिंबू सरबत आणि कोकम पाजलेले. आक्काताईंच्या घराला लागूनच त्यांचे घर; तिथल्या नळाचेच पाणी ते झाकणाच्या डब्यात भरून गाडीवर आणत. गाडीला ना उंबरा, ना खुर्ची, ना आत नेण्याची सोय. ते म्हणाले, "घ्या की साहेब, तुमच्या हातानं. ह्यो डबा, ह्यी तोटी." मी बाटली भरली. सबंध दिवसात मी स्वतःच्या हाताने घेतलेला तो एकच नमुना.

दोन दिवसांनी सात बाटल्या स्वच्छ निघाल्या. आठवी काळी.

मी अहवाल लिहिला. सात घरांचे पाणी पिण्यास योग्य. गाडीवरील पाणी अयोग्य, दोष साठवणुकीच्या भांड्यात असावा. अक्षर सुंदर, समास सरळ, खाली सही. एका नमुन्यातही क्लोरीन सापडले नव्हते. त्याचेही स्पष्टीकरण मी तयार ठेवले होते : नळाला पाणी सकाळीच येते, भांड्यात साठवून ठेवले की क्लोरीन उडून जाते. चूक करताना मी ती पद्धतशीरपणे करतो.

त्याच दिवशी गाडीवर बंदीचा कागद डकवला गेला. बोळात संध्याकाळपर्यंत पक्के झाले, की कावीळ दत्तूच्या सरबतातून आली. गाडी भर उन्हाळ्यात गोणपाट पांघरून भिंतीला लागली. ज्या कट्ट्यावर लोक ग्लास हातात घेऊन बसत, तिथे मामा एकटे बसू लागले.

आठवड्याने ते प्रयोगशाळेत आले. चिडलेले नव्हते. टोपी काढून स्टुलावर बसले आणि टेबलावरच्या लाल चंबूकडे बघून म्हणाले, "कोकम हाय व्हय?"

"नाही मामा, चाचणी आहे."

"रंग बरा आलाय," असे धंद्यातल्या माणसाच्या नजरेने म्हणून ते मुद्द्यावर आले. "साहेब, माझी गाडी आठ दिस बंद हाय. तरी परवा आनि दोघं पडली. त्यांनी काय माझी आठवण काढून कावीळ करून घेतली?"

मी त्यांना समजावले, की काविळीचा विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे जातात. उत्तर अगदी बरोबर होते. म्हणूनच आज ते आठवले की जास्त लाज वाटते.

मामांनी ऐकून घेतले. "असंल. तुमी शिकल्याली माणसं. पर मला एक सांगा. माझ्या घरात पाणी येतं त्यो पाईप आन् आक्काताईच्या घरात जातो त्यो पाईप एकच हाय. मधी फकस्त भिंत हाय. मग त्यो भिंतीच्या हिकडं घाण आन् तिकडं गंगाजल कसा काय वततो?"

"म्हणून तर म्हटले, दोष भांड्यात असावा."

"डबा रोज चिंचंनं घासतो, साहेब. तुमचं नाव घेऊन लोक मला वंगाळ बोलत्यात त्याचं सोडा. धंदा गेला तर परत हुईल. पर ती माणसं अजून तेच पाणी प्यायला लागल्यात. कागदावर साहेबानी लिवलंय म्हणून बिनघोर प्यायल्यात."

ते गेले. टोपी स्टुलावर विसरले. मी ती द्यायला दारापर्यंत गेलो आणि परत येताना नोंदवही उघडली. त्या आठ ओळी मीच लिहिल्या होत्या. जंतूंचा रकाना पाहिला, क्लोरीनचा पाहिला. शेवटी काठिण्याचा रकाना. जडपणाने कुणी आजारी पडत नाही, म्हणून तो रकाना भरायचा आणि विसरायचा, ही माझी रीत. आता नीट वाचले. सातही घरांच्या पुढे एकच आकडा. थेंबाचाही फरक नाही. आणि तो आकडा जवळजवळ शून्य. आठव्या ओळीत, मामांच्या पाण्यापुढे मात्र चांगला भरघोस आकडा.

मला वाटले, भुकटी खराब झाली असेल. प्रयोगशाळेच्या नळाचे पाणी चंबूत घेतले. लालभडक झाले आणि नेहमीइतकेच थेंब पिऊन निळे झाले. म्हणजे मामांच्या पाण्याला लागले तितकेच.

सर्जेराव खांद्यावरून बघत होते. "मग त्या सात घरांचं पाणी कुठलं म्हणायचं, साहेब?"

नदीचे पाणी फार जड नसते, पण इतके रिकामेही नसते. असे सामान नसलेले पाणी कोल्हापुरात दोनच ठिकाणांहून येऊ शकते, आकाशातून किंवा शुद्धीकरणाच्या यंत्रातून. महिना मे होता.

दुसऱ्या दिवशी नळाच्या वेळेला आम्ही दोघे बोळात हजर झालो. आक्काताई दारातच होत्या. मी विचारले, "आक्काताई, त्या दिवशी बाटली कुठल्या पाण्याने भरलीत?"

"म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मशीनच्या! सायब दारात आल्यालं. साधं नळाचं पाणी द्यायचं व्हय? आमी काय इतकी येडी न्हाय."

"आणि बाकीच्या सहा घरांनी?"

"त्यांच्याकडं कुठलं मशीन? सगळ्या माझ्याकडंच आल्या की मागच्या दारानं, पातेली घेऊन. त्या दिवशी मशीन नुसतं घुर्रर घुर्रर करत होतं. म्या सांगितलं सगळ्यास्नी, सायबाला वंगाळ पाणी गेलं न्हाय पायजे. बोळाची अब्रू हाय."

"मामांच्या घरी नाही दिले?"

"दत्तू इचारायलाच आला न्हाय. त्याचं त्यो बघत असंल."

यंत्र आतल्या खोलीत होते. त्यावर क्रोशाचे विणलेले आच्छादन आणि हळदीकुंकवाची दोन बोटे. मुलाने पुण्याहून पाठवले होते. शेजारच्या खाटेवर आक्काताईंचे यजमान पडून होते. डोळे हळदीसारखे पिवळे.

सर्जेरावांनी न राहवून विचारले, "आक्का, घरात येवढं मशीन असून मालक कसं काय पडलं?"

"आमी पितो व्हय असलं?" आक्काताई म्हणाल्या. "त्याला ना चव ना ढव. ते पावण्यांसाठी ठेवलंय."

मी खुर्चीवर बसलो. या वेळी चहा नको म्हणालो, तरी तो आला.

वरिष्ठांना मी लिहून दिले, की नमुने घेताना कार्यपद्धतीचे पालन झाले नाही. खरे कारण त्या कागदावर मावणारे नव्हते, ते इथे लिहितो. माझे आजोबा ज्या गावचे, त्या गावात त्यांना पाणवठ्याला हात लावता येत नसे. तहान लागली की कुणाच्या तरी दाराबाहेर ओंजळ धरून उभे राहायचे. वरून पाणी ओतले जायचे. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. आणि आता पेठेतल्या एकेका घरातून बाई म्हणत होती, आत या, खुर्चीवर बसा, आमच्यातले उत्तम पाणी घ्या. सर्जेरावांना मी शंभर वेळा बजावले असते, की बाटली कुणाच्या हाती देऊ नका. त्या सात उंबऱ्यांवर ते वाक्य माझ्याच तोंडातून निघाले नाही. त्यांचा मान मला घ्यावासा वाटला. तो मान खरा होता. फक्त पाणी खोटे होते, आणि त्याची शिक्षा ज्याने खरे पाणी दिले त्याला झाली.

त्या सकाळी मी सातही घरांच्या मोरीत गेलो. नळ जाळले नाहीत, स्पिरिटने पुसले. तरीही प्रत्येक घरातून एक बाई पाण्याची बादली घेऊन माझ्यामागे उभी होती. बाटल्या मी स्वतःच्या हाताने भरल्या. निघण्यापूर्वी दारोदार सांगितले, की आजपासून पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये. पुढच्या दिवशी बाटल्या उबवणीच्या पेटीतून काढल्या. सात काळ्या. मामांची आठवी आता एकटी राहिली नव्हती.

खोदकाम झाले. बोळाच्या मध्यावर पाण्याचा पाईप गटारातून जात होता आणि तिथेच त्याला बोटभर भोक पडले होते. पाणी नसताना पाईप रिकामा होई आणि गटाराचे पाणी आत ओढून घेई. दिसायला पाणी काचेसारखे. डाळ झकास शिजत होती. पाईप बदलला, नवे नमुने घेतले, ते उत्तीर्ण झाले. गाडीवरची बंदी उठल्याचे पत्र घेऊन मी मामांकडे गेलो.

त्यांनी पत्र हातात घेतले नाही. "कागदानं बंद केली, पर लोकांनी तोंडानं बंद केली. तुमी तोंडानं सांगा."

म्हणून बोळाच्या तोंडाशी, संध्याकाळी, लोक कट्ट्यावर जमलेले असताना मी उभा राहिलो. घसा साफ केला. "नमुना क्रमांक एक ते सात हे प्रातिनिधिक नसल्याचे, काठिण्याच्या रकान्यावरून निष्पन्न झाल्यामुळे—"

"सायब," आक्काताई मागून ओरडल्या, "मराठीत सांगा की!"

मी थांबलो. "मामांच्या डब्यात काही दोष नव्हता. घाण सगळ्यांच्या नळाला होती. मामांनी खरे पाणी दाखवले, बाकी सगळ्यांनी पाहुण्यांचे दाखवले. मी स्वतः नळापाशी गेलो नाही. चूक माझी."

मग आक्काताई म्हणाल्या, "आन् आमची बी. च्या पाजून आंधळा केला की आमी सायबाला." त्यांनी गोणपाट ओढून बाजूला टाकले. गाडीची घंटी वाजवून बघितली.

मामांनी डबा उघडला, एक ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. लिंबू, मीठ, जिरे. मी हात पुढे केला, तर त्यांनी ग्लास थोडा मागे घेतला.

"पावणं म्हणून देत न्हाय हां साहेब. गिऱ्हाईक म्हणून. पैसं द्यायचं."

मी दिले. उरलेली नाणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, वरून टाकली नाहीत. आजही त्या बोळातून गेलो की मी पैसे देऊन सरबत पितो. गाडीवर आता क्लोरीन तपासायची एक छोटी कुपी असते. नळाच्या पाण्यात त्यातले थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन आहे. सर्जेरावांनी मामांना हे असे शिकवले : "पाणी पिवळं झालं की माणूस पिवळा हुईत न्हाय." माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा हे वाक्य पेठेत जास्त टिकले. आक्काताईंच्या यंत्रावर क्रोशाचे आच्छादन अजून आहे, पण यजमान आता त्याचेच पाणी पितात. तक्रार करीत पितात.

घरी हे सगळे सुनंदाला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "आणि आपल्या नळाचं पाणी शेवटचं कधी तपासलंत?" मी नोंदवह्या आठवून पाहिल्या. जिल्ह्याचे पाणी तपासले होते. माझ्या घराची ओळ कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन मी मोरीत गेलो, तेव्हा ती हसत म्हणाली, "द्या इकडे, मी भरते." मी दिली नाही.

तर वाचकहो, विनंती साधी आहे. या लेखावर विश्वास ठेवू नका. एकदा माझ्या सहीवर एका बोळाने विश्वास ठेवला होता. उद्या सकाळी नळाला पाणी आले, की स्वच्छ बाटली घ्या. भांड्यातून, पिंपातून, यंत्रातून नव्हे, नळाच्या तोंडातून, थोडे वाहू देऊन, स्वतःच्या हाताने भरा. क्लोरीनचे थेंब टाकून रंग पाहा. रंग आला नाही, तर तक्रार नोंदवा आणि तोवर पाणी उकळून प्या. बाटली जवळच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या, आणि अहवाल आला की सगळे रकाने वाचा, कंटाळवाणा वाटेल तोसुद्धा. आणि तुमच्या दारात कुणी नमुना घ्यायला आले, तर त्याला चहा जरूर द्या. पण आधी त्याला नळापाशी न्या.